खरमास

खरमासात लग्नं नसतात,
म्हणून चारही घोड्या घरी.
घर म्हणजे मुरारच्या नाल्याकाठची पत्र्याची पागा;
एका बाजूला भिंतच नाही,
तिथे बारदानं शिवून टांगलीत.

रघुराज कुशवाहाने विचारलं,
"मोघेसाब, महीनाभर सो लोगे यहाँ?"
एकतीस वर्षं छोट्या लायनीच्या शेडात
रात्रपाळीला इंजिनं गरम ठेवली मी.
म्हटलं, ही तर आपली आपणच गरम राहतात.

रजई आणली, स्टोव्ह, एक पातेलं, दाढीचा आरसा.
आरसा दुसऱ्याच दिवशी मैनेने नाकाने पाडला.
दाढी राहिली ती राहिलीच.

सकाळी किल्ला नसतो.
नऊ दिवस झाले, धुक्यात नाहीच.
लोक म्हणतात आहे, तर असेल.
मला दिसते ती श्वासांची वाफ,
माझी थोडी, त्यांची पुष्कळ.

चंदी भिजवायची. तोबरे झटकायचे. लीद ओढायची.
ओला पेंढा बाहेर, कोरडा आत.
अंगावर पोत्यांच्या झुली;
जरीच्या वर पेटीत, डांबराच्या गोळ्यांसकट.
जर ऊब देत नाही, भाडं देते.

हनीफ नालबंद कोळशाशी हात शेकत सांगतो,
या महिन्यात सूरज अपने घोड़े खोल देता है,
थकलेले असतात बिचारे,
आणि रथाला गाढवं जुंपतो.
म्हणून ऊन असं रखडत येतं, अकरा वाजता,
नाल्यापलीकडच्या बाभळीपर्यंत,
आणि तिथूनच माघारी.

घोड्यांना हिंदी कळते. हट, रुक, चल बेटा.
मराठी बोलायला मला आता फार जण उरले नाहीत,
जनकगंजात दोन, दौलतगंजात एक, तोही बहिरा.
तेव्हा खरारा करताना मी नूरीशी बोलतो,
पेन्शनीबद्दल, गुडघ्याबद्दल,
कुणाला न सांगितलेलं एखादं.
ती कान मागे टाकते. पटलं नसावं.

एका रात्री पाणी इतकं गार
की तिने बादलीत तोंडच घातलं नाही.
दोनच्या सुमाराला पोटाकडे बघू लागली,
बसली, उठली, पुन्हा बसली.
डॉक्टरचा फोन बंद.
हनीफ फोनवर म्हणाला, लेटने मत देना. चलाओ.

मग चालवली.
पागेभोवती, हातपंपापाशी वळून, पुन्हा पागेभोवती.
हाताची बोटं कधी गेली कळलं नाही.
बोलायचं सगळं पहिल्या तासातच संपलं,
म्हणून पाढे सुरू केले, तीसपर्यंत,
मग पावकी, निमकी, दिडकी,
वडील चिमटे काढून पाठ करून घ्यायचे ती.
औटकीला अडखळलो.
तीही थांबली.
मी पुढचं आठवेना म्हणून,
ती कशासाठी, तिलाच ठाऊक.

पुन्हा पहिल्यापासून.

साडेपाचला शेपूट उचलून तिने लीद टाकली,
वाफाळती, गोल, भरघोस.
मी त्या लिदेला हात जोडले.
बासष्ट वर्षांत देवापुढे इतक्या मनापासून
जोडले नसतील, खोटं कशाला बोलू.
मग स्टोव्ह पेटवला.
आधी तिचं पाणी कोमट, मग माझा चहा,
त्याच पातेल्यात.

संक्रांतीला तिला गजकेचा तुकडा दिला.
गोड बोल म्हटलं.
तळहात चाटला तिने, मिठासाठी.

दुसऱ्या दिवशी बँडवाले आले, पेटी उघडली.
डांबराच्या वासात नूरी नवरीसारखी सजली
आणि हजीऱ्याच्या कुठल्याशा नवरदेवाला घेऊन गेली.
मी रजई बाभळीवर वाळत टाकली.
रघुराज म्हणाला, आता जा घरी.
म्हटलं, जातो.

रात्री एकला ती परतली, आयाळीत चमकी.
सकाळी बसलोय खरारा घेऊन, निघता निघत नाही ती,
माझ्या दाढीलाच लागलीय.
सूर्याने म्हणे घोडे पुन्हा जुंपले.
ऊन तसंच,
अकरा वाजता, बाभळीपर्यंत.