खारट

उदगीरच्या चौबाऱ्यापाशी, घड्याळाच्या टपरीत
नजीरमामू डोळ्यात भिंग अडकवतात
अन् गिऱ्हाईकाचं एचएमटी बाजूला सारून
मालदीवची जुनी नोट बघत बसतात:
एक माड, एक शिडाचं होडकं.
साडेनऊशे मोजले तिचे; घरी नव्वद सांगितले.

अक्षरं उजवीकडून निघतात, उर्दूगत,
पण मामूंना एक लागत नाही.
"हालीची नोटबी अशीच देखणी," म्हणतात,
"बुडाली तवा अब्बांनी
पतंगाला शेपूट केलं तिचं."

घडीवर पांढरट डाग.
पुसू का म्हटलं,
तर मनगटच धरलं माझं.

दिवे लागले. टपरीचं फळकूट लावताना
मला वाटलं, वास घेतायत.
जिभेचं टोक टेकवलं होतं नोटेला.

"खारट," म्हणाले,
"आपल्या बोअरगत."