माग

भोसरीत, पलीकडच्या गल्लीत फोर्जिंगचा हातोडा पडतो
तेव्हा कपातला चहा थरथरतो.
आमची खोली मात्र वीस अंशांवर, बारा महिने,
पोलादाला ऋतू कळू नयेत म्हणून.

यास्मिन शिकलगार, नवी, तिसराच दिवस,
विचारते, सर, ट्रेसेबिलिटीला मराठीत काय?
रोज तो रकाना भरते,
घरी सांगता येत नाही.

शब्दावलीत निघालं: अनुरेखनीयता.
मी मोठ्यानं वाचून पाहिलं.
दोघंही गप्प.
हा शब्द कुणाच्या घरचा, काही कळेना.

माग म्हण, म्हटलं.
उलट्या पावली जायचं.
हा मायक्रोमीटर खरं बोलतो कशावरून?
तर तो या स्लिप गेजला मानतो.
गेज कपाटातल्या मास्टरला.
मास्टर वर्षातून एकदा मऊ कापडात गुंडाळून जातो
त्याच्याहून थोरल्याकडे,
तो थोरला दिल्लीला भेटून आलेला असतो,
आणि दिल्ली विचारते प्रकाशाला.
त्याच्या वर कुणी नाही.
मधली एक कडी निसटली
की आपण नुसते अंदाज सांगणारे.

म्हणजे कुलवृत्तांतच की, ती म्हणाली,
क्लासच्या बाईंकडे पाहिलाय, लाल पुठ्ठ्याचा.

तसाच. पण यात फुशारकी चालत नाही.
प्रत्येक पिढीनं आपली चूक लिहून द्यायची,
अधिक-उणे, शेवटच्या रकान्यात,
आणि ती खाली येताना वाढतच जाते.

मग ती जरा वेळानं, स्वतःशीच:
आमचा आज्जा जुन्या बाजारात धार लावायचा.
सुरी अंगठ्याच्या नखावर आडवी टेकवायचा.
घसरली तर परत चाकाला,
रुतली तर झाली.
त्याला त्याच्या बापानं शिकवलं.
बापाला कुणी?
तिथून पुढं सर, माग लागत नाही.

बोलता बोलता तिनं गेज उचलला होता.
हातमोजा नव्हता.
अंगठा फिरत होता पोलादावरून, सवयीचा असल्यासारखा,
आणि पोलाद वाढलं,
डोळ्यांना दिसणार नाही इतकं,
पण वाढलं.

आता थांबावं लागेल, म्हटलं,
ठोकळा वीसवर येईपर्यंत.

अर्धा तास बसून राहिलो.
बाहेर हातोडा.
रजिस्टर ओढून मी वेळ टाकली,
विलंबाचं कारण या रकान्यात लिहिलं: स्पर्श.
पुढं तिनं सही केली,
पूर्ण नावानं.