सातव्या रकान्यात

आमचं ऑफिस सू फॉल्समध्ये,
गालिच्यांच्या दुकानाच्या वर.
लोकांना त्यांचं नाव परत मिळवून देणं
हे माझं काम.
बँकेच्या खात्यासोबत ही सोय फुकट मिळते,
चेकबुक आणि लॉकरवरच्या सवलतीच्या जोडीला.
कुणाला ठाऊक नसतं.
आऊने लाहतिनेनलाही नव्हतं.
काउंटरवरच्या पोरीनं तिला पत्रकामागचा बारीक मजकूर
बोट ठेवून दाखवला
आणि तिथूनच आमचा नंबर लावून दिला.

वय एकोणऐंशी. डुलूथ, मिनेसोटा.
नवरा खनिजाच्या धक्क्यावर होता, आता नाही.
"माझ्या नावावर बर्फावर पळणारी मोटार निघालीय म्हणे," ती म्हणाली.
"मला तळघराचा जिना उतरवत नाही."

आधी ती तीच आहे हे ठरवायचं होतं.
अठ्ठ्याऐंशी साली आपण कोणत्या रस्त्यावर राहत होता?
तिनं घर सांगितलं.
स्वयंपाकघरापाशी लायलॅक,
तळ्याकडची खिडकी नोव्हेंबरातच गोठून बसायची,
मग चाकूनं कड सोडवायची.
रस्त्याचं नाव काही आठवेना.
स्क्रीनवर लाल अक्षरं: जुळत नाही.
चोर पहिल्या फटक्यात पास झाला असता.

मग मुखत्यारपत्र.
बँकेत बसून तिनं सही केली, शिक्का पडला,
आणि अकरा आठवडे
मी आऊने लाहतिनेन होते.
तिच्या नावानं भांडले, ताटकळले,
त्याच त्या सनईसारख्या वाजणाऱ्या सुरावर
चाळीस चाळीस मिनिटं.
तिची जन्मतारीख माझ्या जिभेवर
माझ्या तारखेआधी यायला लागली.
एकदा तिनं विचारलं, तुझं खरं नाव काय?
कोरिन, म्हटलं.
"खरंच?" ती म्हणाली. "हल्ली खात्री नाही बाई कशाची."

शपथपत्र फोनवरच भरलं.
सहाव्या रकान्यात, मोटार कुठे पोचवली तो पत्ता.
मी वाचून दाखवला: प्रॉक्टर, सेकंड स्ट्रीट,
मागच्या बाजूचं गॅरेज.

तिकडे किटली शिट्टी मारत होती.
ती उठली नाही.
शिट्टी चढत गेली, मग आपसूक दमली;
पाणी संपलं असावं.

पोलीस घरी येतात, तिनं विचारलं,
की पत्र पाठवतात?
दोन्ही, मी म्हटलं.
"आणि त्याला...
म्हणजे जो कुणी असेल त्याला?"
ते माझ्या हातात नसतं, मी म्हटलं.

सातवा रकाना.
हे करणाऱ्या व्यक्तीला आपण ओळखता का?

"नाही," ती म्हणाली, "ओळखत नाही."
भर रस्त्यात कुणी समोर यावं
आणि आपण मान वळवून पुढे निघून जावं, तसं.
मला ती दिसत नव्हती,
पण आवाजात मान वळलेली होती.

खाली एक ओळ असते, खोटं लिहिल्यास काय शिक्षा ती.
वाचून दाखवावीच लागते.
"वाच, वाच," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."

नऊ वर्षं हे काम करतेय.
कुठला पत्ता परका
आणि कुठला जेवायला येणाऱ्याचा,
ते श्वासावरून कळतं.
मी 'नाही'समोर खूण केली
आणि पुढचं पान उघडलं.

जूनमध्ये सगळं निस्तरलं.
मोटारीचं कर्ज, दोन कार्डं, फार्गोतला एक फोन.
आमचं छापील पत्र गेलं:
आपली ओळख पूर्ववत झाली आहे.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला.
काम काहीच नव्हतं.
बहिणीचा मुलगा रविवारी येऊन
छपराच्या पन्हळीतली पानं काढून गेला, म्हणाली.
शिडी त्याची त्यानंच आणली.
बोलला नाही फारसं.
कॉफी मात्र दोन कप प्याला.

प्रत्येक फोनची नोंद करावी लागते, कारणासकट.
तक्रार, चौकशी, नवीन प्रकरण, इतर.

मी 'इतर' निवडलं.