आजोळ

केस असतात पाच, कधी सहा,
काटेरी तारेच्या एका गाठीत अडकलेले,
टोकाला भुरे, खाली काळपट,
आणि मुळाशी पांढरा ठिपका, तिळाहून बारीक.
आम्हाला तेवढाच हवा असतो.
बाकीचं अस्वल जंगलात निघून गेलं तरी चालतं.

अँगूनच्या धक्क्यावरून डेल्बर्ट पहाटे होडी काढतो.
सडक्या माशांच्या पाण्याचं पिंप दोघांच्या मध्ये,
नाकाला रुमाल, बोलणं बंद.
तसंही या बेटाच्या आसपास तो अस्वलाला अस्वल म्हणत नाही.
म्हणतो, ते मोठे.
"ऐकू जातं त्यांना," पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला होता,
कुणी सांगावं तसं, की पायरी निसरडी आहे.

हिवाळ्यात, फेअरबँक्सच्या एका तळघरात
ते केस एका थेंबात विरघळतात
आणि यंत्र वाचायला बसतं:
अक्षरं चारच, पण भरतात सव्वादोन अब्ज.
ना काना, ना मात्रा,
ना श्वास घ्यायला दंड.

लोकांनी आधी फक्त आईकडून येणारा धागा वाचला होता.
तो म्हणाला, ही ध्रुवावरची पांढरी अस्वलं.
ओढ्यात पाहावं तर ही तपकिरी,
खांद्यावर उंचवटा, तोंडात तडफडणारा सॅमन.
धागा खोटं बोलत नव्हता.
त्याला आईच तेवढी ठाऊक होती.

मग सगळंच वाचलं.
बापाकडून आलेली पानं तपकिरी, जवळजवळ सगळी.
पांढरं उरलंय ते थोडं थोडं, विखुरलेलं,
एक्स गुणसूत्रावर जरा जास्त,
धुऊनही न गेलेल्या हळदीसारखं.

म्हणजे असं झालं असावं
(असावं, हा शब्द मी तीनदा खोडला, तीनदा लिहिला):
हिमयुग सरलं, बर्फ उत्तरेला निघाला,
आणि काही पांढऱ्या माद्या इथेच राहिल्या,
पायाखाली अचानक माती, मग शेवाळ, मग झाडं.
मुख्य भूमीवरून तपकिरी नर पोहत आले.
पिढीमागून पिढी लेकी इथेच राहिल्या, जावई बाहेरून येत गेले,
आणि रंग बदलत गेला.
माहेर वितळलं. आजोळ रक्तात राहिलं.

हे सगळं मी ऑगस्टाबाईंच्या स्वयंपाकघरात सांगितलं,
हातवारे करून, टेबलावर मिठाने बेट काढून.
त्या धुरावलेला मासा सोलत होत्या.
त्लिंगिटांचं कूळ आईकडून येतं,
तेव्हा आईचा धागा समजावण्यात माझा वेळ गेला नाही.
शेवटी त्यांनी बोटं पुसली. विचारलं,
"मग मामा कुठे गेले?"

मी तोंड उघडलं.
आईचा धागा मामाकडेही असतो, म्हटलं,
पण तो पुढे जात नाही. त्याच्यापाशी संपतो.
बर्फाबरोबर गेले असतील. किंवा इथेच, एकेक करून.
आमच्या वाचनात ते दिसत नाहीत.
"हं," त्या म्हणाल्या, आणि मिठाचं बेट
हाताने गोळा करून परत बरणीत टाकलं.

डेल्बर्ट त्यांच्या बहिणीचा मुलगा.
त्याला होडी शिकवली ती त्यांच्या धाकट्या भावाने, विल्बरने.
लग्न नाही, मूल नाही, एका नोव्हेंबरात परत आला नाही.

काल परतताना, टोकाचा खडक यायच्या आधी
डेल्बर्टने इंजिन बंद केलं,
आणि ओहोटीच्या पाण्यावर होडी नुसती सोडून दिली.
"इथे का?" मी विचारलं.
"मामा इथे बंद करायचा."
का, ते त्याला माहीत नव्हतं.

किनाऱ्यावर एक मोठे दगड उलटत होते, खेकड्यांसाठी.
मान वर केली. आमच्याकडे पाहिलं.
पुन्हा दगडाकडे वळले.
माझ्या मांडीवर एकोणीस लिफाफे, कोरडे, चिकटवलेले.
आम्ही वाहत राहिलो, बराच वेळ,
कोणीही काही न वाचता.