आतलं चाक

गाडी जॅकवर चढवून फाकिसोने मला पहिल्यांदा
तिच्या पोटाखाली घेतलं,
मागच्या आसाच्या मधोमध भोपळ्याएवढी लोखंडी गाठ,
तिच्यावर पान्याने टकटक करत म्हणाला,
"म्पोलोकेंग, इथे भांडण मिटतं."

वळणावर बाहेरच्या चाकाला लांबची वाट,
आतल्याला जवळची.
एकाच आसाला जुंपलेली दोघं,
तरी ज्याला त्याला आपापल्या चालीने जाऊ देतात
काळ्या तेलात बुडालेली चार दातेरी चाकं.
मी बोट बुडवलं.
करपलेल्या लसणासारखा वास, दोन दिवस नखात राहिला.

मोखोत्लोंगच्या त्या शेडमध्ये जुलै होता,
उघड्या हाताने पाना धरला तर कातडी चिकटायची.

"खोट एवढीच," तो म्हणाला,
"एक चाक हवेत गेलं, नाहीतर बर्फावर,
की ते एकटंच गरगरतं
आणि ज्याच्या पायाखाली पक्का दगड आहे
ते ढिम्म.
घसरणाऱ्याला जेवढा जोर पेलतो
तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला.
त्याहून गुंजभर जास्त नाही."
मला माझे दोन भाऊ आठवले.
मी ग्रीसचा डबा शोधायला गेले.

म्हणून लॉकर.
दोन बटणं: पिवळं मागच्या आसाचं, लाल पुढच्याचं.
छोटा कंप्रेसर खाकरतो, नळीतून हवा जाते,
आत कुठेतरी खट्,
आणि दोन चाकांची एकच चाल होते.
लोकरीच्या अठरा गाठी लादून
नदीच्या गोट्यांतून मी गाडी बाहेर काढली तेव्हा
एक चाक हवेत लोंबत होतं,
दुसऱ्याने सगळं ओढलं.
मी स्टीअरिंगवर थाप मारून ओरडले.
आता हे बटण बंद कशाला करायचं?

पुढच्याच वळणाने सांगितलं.
लाल, पिवळं, दोन्ही दाबलेली,
स्टीअरिंग जात्यासारखं जड,
मी सगळं अंग घालून फिरवलं,
पुढची चाकं वळली,
गाडी मात्र सरळ निघाली, नाक दरीच्या बाजूला.
ब्रेक.
खाली कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा.
फाकिसो ब्लँकेटमधून हातही न काढता म्हणाला,
"चौघांना एका तालात बांधलंस.
आता वळायचं कुणी?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात
नर्स मानेओ मागच्या सीटवर, मांडीवर लशींची पेटी,
आणि रस्त्याचा तो तुकडा, साठ पावलांचा,
निळसर बर्फाचा, दरीकडे कललेला.
गाडी थांबली. एक मागचं चाक गरगरू लागलं.
माझा अंगठा पिवळ्या बटणाकडे गेला
आणि त्याच्या तळहाताखाली अडकला.
"दोन्ही गरगरली तर शेपूट कोण धरून ठेवणार?"

मी ऐकलं. नीट ऐकलं.
एक चाक किंचाळत होतं,
दुसरं जवळजवळ गप्प होतं,
आणि त्या गप्प चाकामुळेच
आम्ही अजून रस्त्यावर होतो.
इतके दिवस मी त्याला आळशी समजत होते.

मग दोघं उतरलो.
शेगडीची राख, खडी, फाकिसोचं जुनं ब्लँकेट.
साठ पावलांना तासभर लागला.
मानेओ एकदाही काही बोलली नाही,
वर पोचल्यावर तिने पेटीतला थर्मामीटर पाहिला
आणि चहा मागितला.

आता शेडवर पाटी माझ्या नावाची आहे.
नव्या गाड्या येतात, त्यांचा संगणक
घसरणाऱ्या चाकाला आपणच ब्रेक लावतो,
पोरं विचारतात, बटणं कशाला हवीत?
मी त्यांना गाडीच्या पोटाखाली घेते.

माझ्या गाडीतलं पिवळं बटण बघा कधी.
चालू करायच्या बाजूला रंग अजून शाबूत आहे.
बंदची बाजू पार पांढरी पडलीय,
तिथे मी दोनदा दाबते,
खात्रीसाठी.