अठ्ठाविसावा दिवस

कास्त्रोच्या खाडीत भरती चढली की
खांबांवरची घरं गुडघाभर पाण्यात उभी राहतात
आणि आमच्या प्रयोगशाळेच्या काचेवर
खारट वाफ धरते.
मी एलियाना बार्रिया. रात्रपाळी.
माझ्याकडे माणसं येत नाहीत,
नळ्या येतात.

दोन वाजून दहा मिनिटांनी तीन आल्या:
करड्या टोपणाची बर्फात,
जांभळी आणि पिवळी अजून कोमट.
देल्फिना गेन्तेओ, वय एकेचाळीस.
सामनच्या कारखान्यात माशांची पोटं चिरते.
चार दिवसांमागे अंगठ्यात काटा रुतला,
तिनं अंगावर काढलं.
हातमोज्याच्या आत कोण बघतं?
एक पाळी चुकली की आठवड्याचा बोनस बुडतो.

नळ्या आणणारी नर्स म्हणाली,
ताप नाही गं, उलट गार पडलीय.
आणि बाकावर बसलेली बहीण
येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगतेय:
संध्याकाळी तिनं कुत्र्याला
आमच्या बुडालेल्या भावाच्या नावानं हाक मारली.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

रक्त दहा मिनिटं गरगरतं,
मग शहाण्यासारखं वेगळं होतं.
खाली लाल गाळ,
वर कढवलेल्या तुपासारखा पिवळा थर.
त्या थराला विचारायचं,
आत काय चाललंय ते.

लॅक्टेट पाच पूर्णांक सहा.
प्रोकॅल्सिटोनिन एकेचाळीस.
मी पुन्हा पाहिलं,
चुकून वय तर वाचलं नाही ना.
धडधाकट माणसात ते
शोधूनही सापडू नये इतकं कमी असतं.

वर फोन लावला. डॉक्टर ओयार्सून म्हणाले,
औषध तासाभरापूर्वीच सुरू केलंय,
बहिणीचं ऐकून.
मग हा आकडा कशाला, मी विचारलं.
ते म्हणाले, बहिणीच्या सांगण्यावर
पुएर्तो मोन्तला खाट मिळत नाही.

पहाटे रुग्णवाहिका फेरीबोटीवर चढली.
चाकाओची खाडी ओलांडायला अर्धा तास लागतो,
वारा असला तर कितीही.

उरलेलं अर्धा मिलिलिटर
मी उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. क्रमांक एकशे सतरा.
सांतियागोहून एक अभ्यास आलाय:
पहिल्या रात्रीच्या रक्ताला
शेवट आधीच ठाऊक असतो का?
त्यासाठी अठ्ठाविसाव्या दिवशी
घरी फोन करून एक प्रश्न विचारायचा
आणि दोन चौकटींपैकी एकीत फुली मारायची.
तो फोन मी करते.
घटका मोजण्याचा पगार वेगळा मिळत नाही.

एकशे अठरा होता एवारिस्तो राइन,
होड्या बांधणारा सुतार.
लॅक्टेट दीड. बाकीचे आकडेही सभ्य, शेजाऱ्यासारखे.
माझा तर जीव भांड्यात पडला होता.
नवव्या दिवशी गेला.
मला ठाऊक नव्हतं. फोन केला, नाव घेतलं,
तर सुनेला वाटलं मी होडीचं विचारतेय.
म्हणाली, अर्धीच झालीय, बाई.
न्यायची तर तशीच न्या.

मी फुली मारली
आणि बराच वेळ
पेनाचं टोपण शोधत राहिले.

एकशे सतराचा फोन त्याच्या आदल्या दिवशी करायचा होता.
मीच टाळला होता. खरं तर
नंबर फिरवून एकदा ठेवलाही होता.
एक्केचाळीस म्हणजे काय ते मला माहीत आहे,
फ्रीजरमध्ये त्याच्याहून कमी आकड्यांची
कितीतरी माणसं गोठून पडलीत.

रविवारी दुपारी लावला.
सहा वेळा वाजला.
बहिणीनं उचलला, मागं भांड्यांचा आवाज.
मी कोण ते सांगितलं. प्रश्न
अजून तोंडातच होता.
थांबा हं, म्हणाली, देते तिला.
वेळ लागेल थोडा,
अंगठा काढला ना,
फोन धरायला शिकतेय.

मी थांबले.
पलीकडे कुत्रं भुंकत होतं
आणि एक बसलेला, बारीक आवाज
त्याला दटावत होता,
त्याच्याच नावानं.