पुन्हा एकदा, धूर जास्त

बोस्नियातल्या कोळशाच्या गावी, फेब्रुवारीत,
रुळांच्या वळणावर आम्ही अकराजण
ट्रायपॉड रोवून उभे.
एकेहार्डने ड्रेस्डेनहून आणलेला थर्मास फिरतोय,
बोटं बधिर, तरी हातमोजे कुणी घालत नाही.

ती आली.
आधी जमीन थरथरली, मग वाफेआडून काळं नाक,
आणि गरम तेलाचा तो वास
ज्याच्यासाठी माणसं विमानाची तिकिटं काढतात.

"पुन्हा एकदा," एकेहार्ड ओरडला, "धूर जास्त!"
हासिबने नोटा खिशात कोंबल्या.
चौदा डबे निमूट मागे गेले
आणि तोच क्षण नव्याने आमच्याकडे निघाला.

कुंपणापलीकडे झुमरेता चादरी काढत होती.
तिची दोरी आमच्या चौकटीत येत होती,
सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.
"माझं धुणंही न्या की मागे," ती म्हणाली,
"सकाळपर्यंत."
दुभाष्याने ते जरा मऊ करून सांगितलं.

मग, चिमटे टोपलीत टाकता टाकता:
शिट्टीवरून हात ओळखू येतो.
तिच्या नवऱ्याची शेवटाला किंचित फाटायची,
ती ऐकून ही कॉफी चुलीवर ठेवायची.
हासिबची सरळ. सरकारी.

दुसऱ्या खेपेला धूर खरंच जास्त होता.
दहा कॅमेरे एकदम कडकडले.
अकरावा माझा, गळ्यातच लटकलेला.
शिट्टी वाजली,
शेवटाला फाटली,
मुद्दाम की थंडीने, कोण जाणे.

शेवटची चादर दोरीवरच राहिली.
झुमरेता आत गेली होती,
चुलीकडे.